घरची शाळा आणि सर्वांची शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील घराघरांत वह्यापुस्तकांचा, गणवेशांचा आणि फीच्या पावत्यांचा विषय निघतो. याच दिवसांत काही थोड्या घरांत मात्र निराळी तयारी चाललेली असते. तेथील मुले शाळेत जात नाहीत. आईवडील त्यांना घरीच शिकवितात. यास गृहशिक्षण असे नाव आहे. ही कुटुंबे बहुधा शहरांतील, सुशिक्षित आणि बऱ्यापैकी मिळकतीची असतात. संख्येने ती अगदीच थोडी आहेत. त्यामुळे चळवळीतील माणसे या विषयाकडे दोन प्रकारे पाहतात. काहींना तो खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा छंद वाटतो. काहींच्या मनात, विशेषतः स्वतःची मुले लहान असतील तर, थोडा हेवा निर्माण होतो. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. ही घरे वर्षाच्या आरंभी जो विचार करतात तो सार्वजनिक शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय त्याची स्तुती किंवा टीका करणे व्यर्थ होय.

हा विचार कोणता? अनुभवी पालक वर्षारंभी कोणत्याही एका शिक्षणपद्धतीची दीक्षा घेत नाहीत. ते पद्धतींची सरमिसळ करतात, आणि तीही विषय व मूल पाहून. एखाद्या घरात सात आणि दहा वर्षांची दोन मुले आहेत असे समजू. त्यांचे गणित स्वतंत्रपणे चालते. गणितात पायरी गाळून पुढे जाता येत नाही. स्थानिक किंमत कळली नसेल तर हातच्याची बेरीज निव्वळ पाठांतर ठरते, आणि तिच्यावर रचलेला गुणाकार कोसळतो. म्हणून तेथे बालभारतीचे क्रमिक पुस्तक हाती धरावयाचे, रोज अर्धा-पाऊण तास, क्रमाने. भाषेचे तसे नाही. तेथे चांगली गोष्ट वाचून दाखवावयाची आणि मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगावयाची. थोरल्याने ती लिहूनही काढावयाची. इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांत दोन्ही मुले एकत्र बसू शकतात. ‘पाणी’ हा विषय घेतला तर धाकटे मूल विहिरीचे चित्र काढते, आणि थोरले नळाला पाणी कोठून येते, टाकी किती लिटरची, घरात रोज किती खर्च होते, याचा हिशेब मांडते. दुपारी हातकाम असते. बाग, शिवण, स्वयंपाक, सुतारकाम, जे घरात उपलब्ध असेल ते. आठवड्यातील एक दिवस जाणूनबुजून मोकळा ठेवला जातो. पाच-सहा आठवड्यांनी आढावा घ्यावयाचा, आणि जे लागू पडले नाही ते संकोच न करता सोडून द्यावयाचे.

ही लवचीकता म्हणजे बेशिस्त नव्हे. किंबहुना तिला अधिक शिस्त लागते, कारण प्रत्येक निर्णयामागे मुलाचे निरीक्षण असावे लागते. या मार्गावर दोन चुका सर्रास होतात. नव्याने सुरुवात करणारी पुष्कळ घरे शाळेचे वेळापत्रकच घरी आणतात. घंटा तेवढी नसते. तास, गृहपाठ, चाचणी हे सारे जसेच्या तसे चालते, आणि थोड्याच दिवसांत आई व मूल दोघेही त्रासून जातात. उलटपक्षी काही घरे सर्वस्वी मुलाच्या इच्छेवर विसंबतात. मग ज्या विषयाची गोडी आपोआप लागत नाही तो मागे पडतो, आणि असा विषय बहुधा गणित हाच असतो. या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे मिश्र पद्धती. जेथे क्रम आवश्यक तेथे क्रम, जेथे मोकळीक आवश्यक तेथे मोकळीक. इतका तो साधा नियम आहे.

आता या पद्धती आल्या कोठून, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. गोष्ट ऐकून ती परत सांगण्याची रीत इंग्लंडमधील शार्लट मेसन यांनी पुरस्कारली. त्यांचे गृहशिक्षणावरील पुस्तक १८८६ चे. त्यांच्या डोळ्यांसमोर पुष्कळ अंशी मध्यमवर्गीय घर होते. परंतु माँटेसोरी पद्धतीचा जन्म घरात किंवा श्रीमंतांच्या वस्तीत झालेला नाही. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर चाळीत मोकाट हिंडणाऱ्या मुलांसाठी, मारिया माँटेसोरी यांनी पहिले बालगृह काढले. आज आपल्या शहरांत त्यांचे नाव महागड्या फीचे निमित्त झाले आहे, हा इतिहासाचा विपर्यास आहे. हस्तोद्योगातून शिकविण्याचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीमच्या रूपाने देशापुढे आला, आणि तो खेड्यातील गरीब मुलासाठीच होता. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले; तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते कार्य पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. गुरे चरत असताना कुरणातच वर्ग भरत असे. साहित्य महागडे नव्हते. शंख, शिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य होते. वेळ, जागा आणि साधन या तिन्ही बाबतींत मुलाच्या जगण्याशी जुळवून घेण्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. सारांश, आज घरची शाळा ज्या पद्धती निवडून एकत्र करते त्यांतील बऱ्याच पद्धती श्रमिकांच्या मुलांसाठी घडलेल्या आहेत.

मग त्या श्रमिकांच्या शाळेतून उठून थोड्या घरांत कशा जाऊन बसल्या? याचे एक उत्तर अमेरिकेच्या अनुभवात मिळते. जॉन होल्ट हे शिक्षक. शाळेत मुले भीतीपोटी उत्तरे कशी शोधतात याचे त्यांचे विवेचन १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळा सुधारतील अशी त्यांना प्रथम आशा होती. ती मावळली तेव्हा त्यांनी १९७७ मध्ये घरी शिकविणाऱ्या पालकांसाठी एक पत्रिका काढली. पुढे धार्मिक कारणांनी शाळा नाकारणारी कुटुंबेही मोठ्या संख्येने या प्रवाहात आली, आणि १९९३ पर्यंत तेथील सर्व राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर ठरले. सरकारी पाहणीनुसार अशा मुलांची संख्या १९९९ मध्ये सुमारे साडेआठ लाख होती; २००७ मध्ये ती सुमारे १५ लाखांवर गेली. होल्ट यांची टीका पुष्कळशी खरी होती. परंतु तिचा परिणाम काय झाला? शाळेतील दोष ज्यांना सर्वांत स्पष्ट दिसत होते आणि ते दूर करण्यासाठी ज्यांच्याजवळ वेळ व वाणी होती, असे अनेक पालक शाळेबाहेर पडले. ज्यांना बाहेर पडणे परवडत नव्हते त्यांची मुले आत राहिली, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे तेवढे कमी झाले.

महाराष्ट्राला घरातील शिक्षण नवे नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि कन्येला घरीच संस्कृत शिकविले, आणि ती कन्या पंडिता रमाबाई म्हणून जगाला ठाऊक झाली. रमाबाई रानडे यांचे शिक्षणही न्यायमूर्तींनी घरात सुरू केले, कुटुंबातील विरोध सोसून. ही उदाहरणे आदरणीय आहेत. परंतु ज्या घरात विद्या आधीपासून होती तेथेच ती शक्य झाली. ज्या कोट्यवधी घरांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांनी मुलांना घरी काय शिकवावयाचे? जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना प्रथम घरीच शिकविले, हे खरे. पण त्या शिक्षणाची परिणती १८४८ मध्ये मुलींची शाळा उघडण्यात झाली. घरातील पाटीवरची अक्षरे त्यांनी रस्त्याकडेच्या वाड्यात, सर्वांसमोर नेली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, आणि १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ते सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. बहुजनांच्या दृष्टीने शाळेची सक्ती हा जुलूम नव्हता. शेतावरील, गोठ्यातील आणि पाळण्याजवळील कामातून मुलाला व मुलीला काही तास सोडविणारे ते पहिले हत्यार होते.

आता या प्रश्नाची आर्थिक बाजू तपासू. गृहशिक्षणाचा खर्च पुस्तकांवर आणि साहित्यावर मोजला जातो, आणि तो शाळेच्या फीपेक्षा कमी निघतो. हा हिशेब चुकीचा आहे. या व्यवस्थेचे मुख्य भांडवल म्हणजे एका प्रौढ माणसाचा वेळ. रोज तीन तास, वर्षाचे २०० दिवस, असे धरले तरी ६०० तास होतात, पूर्वतयारी वेगळी. हे तास बहुतेक घरांत आईचे असतात आणि ते कोणत्याच जमाखर्चात येत नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत असे आढळले की, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या पाच तासांवर आणखी तीन तासांची शाळा चढविणे म्हणजे काय, याचा विचार गृहशिक्षणाची भलामण करणाऱ्या पुरुषांनी अवश्य करावा. मजुरीला जाणाऱ्या बाईपुढे तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्या तीन तासांना बाजारभाव आहे आणि त्या मजुरीवर चूल पेटते.

याच्या शेजारी शाळेचा हिशेब ठेवू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविले आहे. प्राथमिक शाळेत साधारणतः ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे प्रमाण घातले आहे. ८०० तास ३० मुलांत वाटले तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला वर्षाला २६ तास ४० मिनिटे येतात. घरच्या शाळेत दोन मुलांत ६०० तास वाटले तर प्रत्येकाला ३०० तास मिळतात, म्हणजे अकरा पटींहून अधिक. पद्धतीच्या श्रेष्ठतेविषयी जे दावे केले जातात त्यांतील मोठा भाग या एका गुणोत्तरात सामावलेला आहे. आई शिक्षिकेपेक्षा अधिक कुशल असते असे नाही. तिच्यापुढे मुले कमी असतात आणि आढावा घेऊन मार्ग बदलण्याची तिला मुभा असते. शिक्षिकेला ती मुभा कितपत आहे? कायद्याचे चोविसावे कलम तिला एकाच वेळी दोन कर्तव्ये सांगते: ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणे, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला जादा शिकविणे. तपासणीला येणारा अधिकारी पहिल्या कर्तव्याचा जाब विचारतो. दुसऱ्याचा विचारतोच असे नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा साऱ्या देशावर एक प्रकारचे गृहशिक्षण लादले गेले. महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ भरले नाहीत. ज्या घरात स्वतंत्र खोली, एकाहून अधिक फोन आणि शिकलेली, घरी थांबू शकणारी माणसे होती तेथील मुले तग धरून राहिली. काही तर पुढेही गेली. जेथे एकच फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, तेथील मुले वाचनच विसरली. त्या काळात अनेक शिक्षकांनी वस्तीवर जाऊन ओट्यावर, देवळाच्या पारावर, झाडाखाली लहान गट जमवून शिकविले. वेळापत्रक गावाच्या सोयीचे, गट मिश्र वयाचे, साहित्य हाताशी असेल ते. म्हणजे घरच्या शाळेची लवचीकता सरकारी शिक्षकाने दाखविली. आणि शाळा पूर्ववत सुरू होताच ती लवचीकता बहुतेक ठिकाणी पुन्हा रजिस्टरांखाली गाडली गेली.

लवचीक मिश्र पद्धती सार्वजनिक शाळेत चालू शकते काय? चालू शकते, असा अनुभव आहे. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या परिसरात, एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असणाऱ्या छोट्या शाळांसाठी, कार्डांची एक पद्धत विकसित झाली. पाठ्यक्रम लहान टप्प्यांत मांडलेला; भिंतीवर त्या टप्प्यांची शिडी; प्रत्येक मूल आपल्या गतीने ती चढते. २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांनी या विचारावर आधारलेली कृतियुक्त पद्धत स्वीकारली आणि २००७ पासून तामिळनाडूतील प्राथमिक शाळांत ती सर्वत्र नेण्यात आली. मुलांच्या उंचीला बसेल असे फळे खाली लावले गेले, शिक्षक जमिनीवर बसू लागले. या प्रयोगात धोकाही होता. पद्धत वरून हुकमाने आली की शिक्षक कार्डांचा कारकून बनतो आणि नवी लवचीकता जुन्या साच्याइतकीच ताठर होते. म्हणूनच पुढे तिच्यात बदल करावे लागले. महाराष्ट्रात सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी चिंचोके, बाटल्यांची झाकणे, जमिनीवर आखलेल्या आकृत्या आणि आपसांत शिकणारे मुलांचे गट यांच्या आधारे जे करून दाखविले ते पाहण्यासाठी राज्यभरातील शिक्षक तेथे गेले. त्या कामाला पैसा फारसा लागला नाही. मात्र शिक्षकांना एकत्र बसून विचार करण्याची आणि चुका दुरुस्त करण्याची मोकळीक लागली, आणि पाठीशी उभा राहणारा अधिकारी लागला.

परंतु लवचीकतेची सर्वाधिक गरज ज्या मुलांना आहे त्यांच्यापर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगाराचे मूल जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बसते. दिवाळीच्या सुमारास कोयता बाहेर पडतो आणि मूल आईबापांबरोबर फडावर जाते. ते परतते तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. या मुलासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहाची योजना आली. यांतून काही मुलांना आधार मिळाला, पण योजनेचा निधी आणि हंगाम यांची वेळ जुळेलच याची शाश्वती कधीच नव्हती. शहरातील एखादे कुटुंब आपल्या मुलाच्या कलाप्रमाणे वर्षाची आखणी करू शकते. उसाच्या हंगामाप्रमाणे एका तालुक्यातील शाळांचे वर्ष आखणे मात्र आजवर अशक्यप्राय ठरले आहे. लवचीकतेवर हक्क कोणाचा, हा खरा प्रश्न येथे उभा राहतो.

मग घरी शिकविणाऱ्या कुटुंबांविषयी कोणती भूमिका घ्यावी? जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे. तेथील काही पालकांची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये दाखल करून घेण्यास नकार दिला. निरनिराळ्या थरांतील मुलांनी एकत्र वाढावे, हा समाजाचा रास्त हेतू आहे असे त्यामागील सूत्र होते. हे सूत्र महत्त्वाचे आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेचा आणि समान शाळापद्धतीचा जो आग्रह धरला त्याच्याशी ते जुळते. तथापि, भारतात खासगी शाळांनी मुलांची फीप्रमाणे प्रतवारी आधीच लावून टाकली आहे. ती व्यवस्था तशीच ठेवून मूठभर घरांवर बंदीची काठी उगारणे न्यायाचे होणार नाही. अपंगत्वामुळे, आजारामुळे किंवा शाळेतील छळामुळे काही मुलांना घरीच शिकवावे लागते. त्यांच्यासाठी तर घर हा एकमेव आसरा असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांची सोय अशा मुलांना उपयोगी पडते. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. शिक्षणाचा हक्क मुलाचा आहे, पालकाचा नव्हे. मूल घरी शिकते की घरी राबते, हे पाहण्याचा अधिकार समाजाला असलाच पाहिजे. एरवी गृहशिक्षण या प्रतिष्ठित नावाखाली मुलींना पुन्हा चुलीपाशी बसविणे सोपे जाईल.

कार्यकर्त्यांपुढील काम या विवेचनातून पुरेसे स्पष्ट होते. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात अशी कायद्याची तरतूद आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. अनेक गावांत ही समिती फक्त सह्यांपुरती उरली आहे. जूनमध्ये तिच्या पहिल्या बैठकीला जावे. शिक्षक किती, जागा रिकाम्या किती, हे विचारावे. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण याखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावण्यास कायद्याने मनाई आहे. त्याप्रमाणे होते की नाही, याची चौकशी करावी. आठवड्यातील एक दिवस परिसरातील कामासाठी मोकळा ठेवता येईल काय, गणितासाठी इयत्ता मोडून पातळीप्रमाणे गट करता येतील काय, गावातील सुतार, शेतकरी, परिचारिका यांना शाळेत बोलावता येईल काय, हे शिक्षकांबरोबर बसून ठरवावे. दर सहा आठवड्यांनी आढावा घ्यावा, आणि जे जमले नाही ते बदलण्याची मुभा शिक्षकाला आहे असे ठरावात लिहून घ्यावे. अधिकारी जाब विचारील तेव्हा तो ठराव शिक्षकाच्या उपयोगी पडेल.

आणि ज्या सुशिक्षित कुटुंबांनी मुलांना घरी ठेवले आहे त्यांच्याशीही बोलावे. पद्धती जुळविण्याचे, मूल पाहून पाऊल टाकण्याचे जे ज्ञान त्यांनी कष्टाने मिळविले आहे, त्यातील आठवड्याचे दोन तास जवळच्या पालिका शाळेला मिळाले तर त्या शाळेतील तीस मुलांना त्याचा लाभ होईल, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही आपल्या भिंतीपलीकडील सोबती भेटतील.